लॅच लागलेला मेहुणा

आमच्या दुकानात स्क्रू हरवतात, पाने हरवतात, किस्सा मात्र एकही हरवत नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात गाड्यांना अलार्म, हॉर्न, सेंट्रल लॉक बसवून मिळतात. हॉर्नसाठी आलेला माणूस चहा पिता पिता विचारतो, "विलासशेठचं नवीन काय?" आणि नवीन काहीतरी असतंच. विलास माझा मेहुणा आणि पार्टनर. पार्टनर मी निवडला नव्हता, लग्नात आला.

त्याचं सगळ्यात मोठं कर्तृत्व म्हणजे लॅचिंग रिले. साधा रिले हा करंटवर चालणारा स्विच. करंट गेला की सोडतो. लॅचिंग रिले आहे तिथेच बसून राहतो, अगदी बॅटरी काढली तरी. त्याला परत आणायला वेगळ्या वायरने दुसरा झटका द्यावा लागतो. एवढी साधी गोष्ट.

पण विलासने अर्थ घरून आणला. "भाऊजी, दाराला काय असतं? लॅच. मग दाराच्या अलार्मला रिले कुठला? लॅचिंग." म्हणजे आपल्या ब्लॉकच्या दाराला असतं ते लॅच, जे ओढलं की लागतं आणि चावी आत राहते. दुसऱ्या झटक्याची वायर त्याने कापूनच टाकली. "एक्स्ट्रा आलेली," म्हणाला.

पहिला प्रसाद कोपरच्या एका बाईंना मिळाला. भरदुपारी गाडीचा सायरन सुरू झाला. रिमोट दाबून दाबून त्यांचा अंगठा दुखला. मिस्टरांनी बॅटरी काढली, गाडी गप्प. बॅटरी जोडली, पुन्हा बोंब. सगळी सोसायटी गॅलरीत. बाईंनी वैतागून फोन लावला तर हा थंडपणे म्हणतो, "मॅडम, रिलेच्या लक्षात आहे."

मी जाऊन साधा रिले बसवला आणि शिव्या खाऊन आलो. तो तोवर जेवत होता.

मग कल्याणचे एक कांदेवाले. त्यांच्या टेम्पोचे इंडिकेटर अलार्मबरोबर लुकलुकायला हवे होते, ते रात्रभर पेटून राहिले. सकाळी बॅटरी ठार. मार्केटची वेळ चुकली, माणूस लाल होऊन दुकानात आला.

"शेठ, टेम्पो चोरीला गेला का?" विलासने विचारलं.

"जाईल कसा? स्टार्टच होत नाही!"

"मग? सिक्युरिटी म्हणजे अजून काय असतं?"

मी बायकोकडे तक्रार केली. ती म्हणाली, "माझा भाऊ मन लावून काम करतो." तेच तर दुखणं आहे. आळशी असता तर निम्म्या गाड्या तरी वाचल्या असत्या.

आता हसतो, पण तेव्हा रोज रात्री गल्ला दोनदा मोजायचो. हल्ली नव्या गाडीत अलार्म कंपनीचाच येतो, आमच्याकडे कोण फिरकणार? अशात कल्याणच्या एका जुन्या गाड्या विकणाऱ्या शोरूमने विचारलं. एका गाडीला अलार्म बसवून दाखवा, पसंत पडला तर सगळं काम तुम्हाला. हे काम मिळालं तरच दुकान टिकणार होतं. मी विलासला बजावलं, "साधे रिले वापर. साधे." तो म्हणाला, "भाऊजी, टेन्शन घेऊ नका." तिथेच मला टेन्शन यायला हवं होतं.

शोरूमच्या अंगणात मॅनेजर, दोन सेल्समन आणि मी उभे. विलास ड्रायव्हर सीटवर बसला, दार ओढलं आणि रिमोट दाबला. चारही दारं खाडकन लागली. सायरन सुरू झाला. आणि लॉक, सायरन दोन्ही तसेच राहिले.

लॉकची मोटर दाबूनच धरलेली, आतला खटका वर येईना. काचाही बंद. बॅटरी काढावी तर बॉनेट उघडायचा खटका आत, त्याच्याच पायाशी. मी खुणा करून थकलो, तो 'सगळं ओके' म्हणून अंगठा वर करत होता. मॅनेजरने कानात बोटं घातली. शेवटी मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ओरडलो, "विलास, पायाजवळचा बॉनेटचा खटका ओढ!"

"ओढतो हो. आधी सरांना द्या."

मॅनेजर फोनवर वाकले. आत घामाने निथळणारा विलास काचेतून त्यांच्याकडे बघून हसला.

"सर, बघितलंत ना? चोर आत येईल. पण जाईल कुठे?"