चादरभाऊंची पवित्र नजर

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पवित्र माणूस आहे. हे मी म्हणत नाही, चर्चची सगळी मंडळी म्हणते, आणि मंडळीपेक्षा जास्त ते स्वतः म्हणतात. तरुण संघाला ते दर रविवारी पावित्र्याचे धडे देतात. नजर कुठे ठेवावी, हात कुठे ठेवू नये, मनात वाईट विचार आला तर कोणतं गीत गुणगुणावं. मुलं माना डोलवतात आणि फाटकाबाहेर पडली की त्यांची हुबेहूब नक्कल करतात.

पोटापाण्यासाठी ते कापडाच्या मोठ्या दुकानात काचेतल्या पुतळ्यांना कपडे चढवतात. देवालाही थट्टा सुचते, ती अशी. ज्याने उभ्या जन्मात परक्या बाईकडे मान वर करून पाहिलं नाही, त्याच्या वाट्याला रोज रांगेने उघड्या बायका आल्या, त्याही फायबरच्या. त्यांनी त्यावर तोड काढली. आधी पुतळीवर चादर टाकायची, मग डोळे मिटून चादरीखाली हात घालायचे, पुतळीचा हात फिरवून सुटा करायचा, बाही चढवायची, हात परत बसवायचा, बटणं लावायची, आणि सगळं झाकलं गेलं की चादर ओढून घ्यायची. दुकानातल्या पोरींनी त्यांचं नाव चादरभाऊ ठेवलं. पण खोटं कशाला बोलू, त्या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. न बघता लावलेलं एकही बटण कधी चुकलं नाही. पुतळीला दुखेल की काय, इतक्या हळुवार हाताने लावायचे.

अशा माणसाचं कधीतरी बिंग फुटतं म्हणून आम्ही सगळे टपून बसलो होतो, मी तर सगळ्यांच्या पुढे. फुटलं नाही, कारण बिंग नव्हतंच. माणूस आतबाहेर स्वच्छ निघाला, घासूनपुसून पालथ्या घातलेल्या रिकाम्या डब्यासारखा.

हे पावित्र्य संध्याकाळी घरी यायचं, आणि घरी माझी बहीण असायची. लग्नात पाळकसाहेबांनी चांगलं समजावून सांगितलं होतं की आजपासून तुमचं दार परक्याला बंद आणि एकमेकांना उघडं. पहिलं अर्धं चादरभाऊंनी पाठ केलं. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी त्यांचं लक्ष बहुतेक नव्या बुटांकडे असावं. दिवा मालवल्याशिवाय ते बायकोजवळ गेले नाहीत, आणि एक मुलगा झाल्यावर तेही थांबलं. दोन खाटा, मधे कपाट. ती कपडे बदलायला लागली की हे खाकरून खोलीबाहेर. बहिणीने तक्रार केली नाही. एकदाच मटार सोलता सोलता म्हणाली, "ताई, ह्यांना मी घाण वाटत असेन का गं?" तेव्हा त्यांना चादरीसकट काचेत उभं करावं असं मला वाटलं होतं.

एकदा ती खाली वाकलेली असताना शेगडीवरचं उकळतं पातेलं तिच्या पाठीवर कलंडलं. चादरभाऊ तरुणांना घेऊन पावित्र्याच्या शिबिराला गेले होते. मलमपट्टीला मी जाऊन राहिले. हे परत आले आणि दाराबाहेरून विचारलं, "औषध लावलंस ना?" तिने आतून सांगितलं, "लावलं." तिथे विषय मिटला.

आता मुलगा परगावी नोकरीला, घरात ही दोघंच. यंदा बहीण जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं, एक खांदाही दुखावला. ऑपरेशन होऊन घरी आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही महिने अंग पुसायला, कपडे बदलायला माणूस लागेल. मी तिची बॅग भरली आणि म्हटलं, चल माझ्याकडे.

"हे उत्तम," चादरभाऊ म्हणाले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" इतक्या चटकन म्हणाले की माझ्या तोंडाशी शिवी आली.

बहीण म्हणाली, "थांब. अहो, माझा गाऊन तुम्ही बदला. डोळे उघडे ठेवून. जमलं तर मी इथे राहते. नाही जमलं तर ताईबरोबर जाते, आणि मग परत यायची नाही."

"अगं, ताई आहेत की."

"ताई दाराकडे तोंड करेल."

"हे बरं दिसत नाही."

"कोणाला? देवासमोर हात धरलाय तुम्ही माझा. पवित्र म्हणजे जपून ठेवलेलं ना हो? टाकून दिलेलं नव्हे."

मी दाराकडे तोंड केलं. वाटेत कपाटाचा आरसा होता, त्याला माझा इलाज नव्हता.

चादरभाऊंनी सवयीने पायथ्याची चादर उचलली आणि तिच्यावर टाकली. मी दातओठ खाल्ले.

"ती काढा," बहीण म्हणाली. "मी फायबरची नाही."

त्यांनी चादर काढली, पण डोळे मिटून घेतले. धड खांद्याची बाही आधी काढली, मग तिला जरा पुढे टेकवून दुखऱ्या खांद्याची. इतक्या अलगद, की तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. या माणसाला सगळं येत होतं. जन्मभर येत होतं. मला याचाच जास्त संताप आला.

"डोळे," बहीण म्हणाली.

त्यांनी डोळे उघडले. समोर तिची पाठ होती, खांद्यापासून कमरेपर्यंत भाजलेली, सुरकुतून आवळलेली.

"हे कधीचं?"

"तुमच्या शिबिराच्या वेळचं."

"औषध लावलं म्हणाली होतीस."

"लावलं होतं. तुम्ही तेवढंच विचारलंत."

त्यांनी निदान नजर वळवली नाही, एवढं मी आरशात पाहिलं. मग म्हणाले, "दुखतं अजून?"

"आता नाही."

त्यांनी नवा गाऊन घातला, उघड्या डोळ्यांनी, आणि बटणं चुकली. वरचं बटण खालच्या काजात गेलं, गाऊन एका बाजूने वर चढला. बहिणीने खाली पाहिलं, तिच्या लक्षात आलं, आणि तिने ती तशीच राहू दिली.

"ताई, बॅग माळ्यावर ठेव," ती म्हणाली.

एकदा डोळे उघडले की माणूस सुधारतो, असं मानायला मी काही त्यांच्या रविवारच्या वर्गातली नाही. मी बॅग माळ्यावर ठेवली नाही. खाटेखाली सारली, तिच्या हाताला लागेल अशी.