अंबुजामामींची क्रियापदं

तंजावूरच्या मोठ्या देवळाच्या आवारात परदेशी पाहुणा दिसला की अंबुजामामी छत्री मिटवायच्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि अतिशय अदबीने त्याला व्याकरणातला एक प्रश्न विचारायच्या. ‘आय लाइक सिंगिंग’ चालतं, ‘आय लाइक टु सिंग’ही चालतं, मग ‘आय एन्जॉय सिंगिंग’ चालतं आणि ‘आय एन्जॉय टु सिंग’ का चालत नाही? शिखराचा फोटो घ्यायला आलेला तो माणूस आधी दचकायचा. मग दोन्ही वाक्यं स्वतःशी पुटपुटून बघायचा आणि शेवटी कबूल करायचा, की दुसरं कानाला खटकतं हे खरं, पण का ते काही सांगता येत नाही. मामींना हे उत्तर अपेक्षितच असायचं. तरी परत फिरताना त्यांचा चेहरा फुललेला असायचा. “त्याच्या आईची भाषा, आणि त्यालाही ठाऊक नाही बघ,” असं त्या म्हणायच्या. इतरांना ज्यात अडचण दिसते त्यात त्यांना गंमत दिसायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, देवळात. माझ्या यजमानांची बँकेतून तंजावूरला बदली झाली होती आणि आम्ही सांगलीहून नुकतेच येऊन भाड्याची खोली शोधत होतो. मद्रासचं अजून चेन्नई झालं नव्हतं. एका उंच, लालबुंद झालेल्या इंग्रज म्हाताऱ्याला नऊवारीतली एक बाई काहीतरी समजावून सांगत होती. ती वाट विचारतेय की भांडतेय, असं मी यजमानांना हळूच विचारलं. बाईंनी मान वळवली आणि तमिळ हेल काढत मराठीत म्हणाल्या, “भांडत नाहीं. शिकावयास आलें आहे. तुम्ही कुठच्या?” त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घराच्या माडीवर राहायला गेलो.

घर राजवाड्याजवळच्या गल्लीत होतं. मामी मराठी राजवटीपासून तंजावूरलाच राहिलेल्या घराण्यातल्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. पती जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा रघु अमेरिकेत. त्यांचं मराठी मला आधी परकं वाटलं, मग हळूहळू लक्षात आलं की आमच्याकडे जे शब्द जुन्या पोथ्यांत उरलेत ते या बाई भाजी निवडताना बोलतात. मात्र देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मराठीत काही टिपायचं झालं तर तमिळ अक्षरांत टिपायच्या. मी सांगलीहून आणलेल्या हळदीच्या पुडीवरचं नाव त्यांनी माझ्याकडून एकेक अक्षर लावून वाचलं, आणि दुपारभर घरातल्या माझ्या सगळ्या पुड्या, डबे आणि कॅलेंडर त्यांच्या ताब्यात होतं.

पुढच्या ओट्यावर, ज्याला तिथे तिण्णै म्हणतात, त्यांचा वर्ग भरायचा. ते दिवसच तसे होते. गावात एसटीडी बूथ निघत होते, संगणकाचे क्लास निघत होते, आणि पापनाशम, ओरत्तनाडु अशा ठिकाणांहून मुली बसने येऊन ‘बोलायचं इंग्रजी’ शिकत होत्या. इतर क्लासमध्ये कुठल्या क्रियापदानंतर ‘टु’ आणि कुठल्यानंतर ‘इंग’ हे पाढ्यासारखं घोकून घेत. मामींना घोकंपट्टीचा कंटाळा. त्या म्हणायच्या, “क्रियापदाला विचार, तुझं तोंड कुठं आहे? पुढं असेल तर ‘टु’ लाव, मागं असेल तर ‘इंग’.” म्हणजे इच्छा, आशा, बेत, वचन हे सगळे अजून न घडलेल्या गोष्टीकडे बघतात, म्हणून ‘टु’. टाळणं, संपवणं, मजा घेणं यांत काम हाताशी असतं किंवा होऊन गेलेलं असतं, म्हणून ‘इंग’. आपल्याकडे ‘करणं’ आणि ‘करावयास’ आहेत तसंच हे, असं त्या मला वेगळं समजवायच्या. एकदा मी विचारलं, की ‘आय सजेस्ट गोइंग’मध्ये जाणं अजून व्हायचं आहे, मग तिथे ‘इंग’ कसं? मामींनी हातातली पळी खाली ठेवली. आपला नियम मोडला म्हणून त्या नाराज होतील असं मला वाटलं होतं. त्या मात्र पाहुणा आल्यासारख्या खूष झाल्या आणि जेवण होईपर्यंत त्याच एका शब्दाबद्दल बोलत राहिल्या.

त्यांच्या वर्गात कलैसेल्वी नावाची पापनाशमची मुलगी होती. शांत, सावळी, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी. तिने तांदळाच्या गिरणीतली लिखापढीची नोकरी सोडून बी.कॉम. पुरं केलं होतं. त्रिचीत नव्याने उघडलेल्या एका वित्त कंपनीत तिची मुलाखत झाली. गिरणीतलं काम का सोडलं, असं साहेबांनी विचारल्यावर ती म्हणाली, “सर, आय स्टॉप्ड टु स्टडी.” साहेबांनी त्याचा अर्थ घेतला की हिने शिक्षण सोडलं. आम्हाला पदवीधर हवेत, असं म्हणून त्यांनी तिला उठवलं. प्रमाणपत्र पिशवीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन हे सांगताना तिने ती पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. मी मामींकडे पाहिलं तर त्यांचे डोळे चमकत होते.

“वाक्य तुझं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “स्टॉप्ड स्टडीइंग म्हणजे शिकणं थांबवलं. स्टॉप्ड टु स्टडी म्हणजे शिकण्यासाठी थांबलीस. चूक त्याच्या कानाची.”

दुसऱ्या सकाळच्या बसने त्या तिला घेऊन त्रिचीला निघाल्या, मलाही सोबत घेतलं. मुलाखत घेणारा अधिकारी तरुण होता, टाय सारखा करत बाहेर आला, आणि वयस्क बाई म्हणून त्याने आम्हाला बसायला सांगितलं. मामींनी विचारलं, की मी आत्ता रस्त्यात तुमचा पत्ता विचारायला थांबले, आय स्टॉप्ड टु आस्क, तर मी विचारणं सोडून दिलं असा अर्थ होतो का? त्याने वाक्य मनात फिरवून पाहिलं आणि स्वतःवरच हसला. कलैसेल्वीची त्याने मनापासून माफी मागितली. पण जागा आदल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिली होती, आता त्याच्या हातात काही नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मामी ‘स्टॉप’सारखी दुहेरी अर्थाची आणखी क्रियापदं आठवत होत्या. त्या प्रसन्न होत्या. त्यांच्या दृष्टीने आम्ही जिंकून आलो होतो. कलैसेल्वी खिडकीबाहेर भाताची खाचरं बघत बसली. तंजावूरच्या स्टँडवर पापनाशमची बस लागलेली होती. तिच्या पायरीवर एक पाय ठेवून ती तमिळमध्ये, आवाज न चढवता म्हणाली, “टीचर, तुम्ही माझ्या वाक्यासाठी आलात. माझ्यासाठी नाही आलात.”

बस निघून गेली.

पुढचे काही दिवस वर्ग भरला, पण मामींचं लक्ष नव्हतं. मुलींनी चुकीचं म्हटलं तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. कलैसेल्वी आली नाही. मग एका सकाळी माझी अंघोळ होते न होते तोच त्या माडीच्या पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, “रघूला फोन करावयाचा आहे. माझ्याबरोबर ये.”

बूथकडे जाताना त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. रघूने मामींच्या मनाविरुद्ध अमेरिकेतच एका तिथल्या मुलीशी लग्न केलं होतं. लग्नानंतर त्याने शेजाऱ्यांकडे फोन करून मामींना बोलावून घेतलं आणि बायकोच्या, एलनच्या, हातात फोन दिला. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या मामींशी इंग्रजी हीच ज्याची भाषा आहे असं घरचं माणूस पहिल्यांदाच बोलत होतं. मामी तिला म्हणाल्या होत्या, “आय रिग्रेट टु से, आय हॅव नथिंग टु से टु यू.” खेदाने सांगते की मला तुझ्याशी काही बोलायचं नाही.

“एवढं शुद्ध इंग्रजी मी कधी बोलले नव्हतें,” मामी म्हणाल्या. “फोन ठेवल्यावर वाक्य कसं जमलं याचंच मला बरं वाटलं होतं. तिला कसं वाटलं असेल हें मनांतसुद्धा आलं नाहीं.”

त्यानंतर रघूचा फोन क्वचित यायचा, आणि तो एकटाच बोलायचा.

बूथमध्ये काचेची केबिन होती. मामी आत गेल्या, दार नीट लागत नव्हतं म्हणून मी बाहेरून धरून उभी राहिले. पलीकडून फोन उचलला तो एलनने. मामींनी रघूशी बोलायची तयारी केली होती. त्यांनी भिंतीला हात टेकला.

“एलन, धिस इज रघूज मदर. आय रिग्रेट सेइंग दॅट.”

‘टु से’ म्हटलं की वाईट बातमी सांगण्याआधीची सभ्यता होते. ‘सेइंग’ म्हटलं की बोलून गेलेल्याबद्दलचा पश्चात्ताप. मामींनी हे कितीतरी मुलींना समजावलं असेल. त्या सकाळी कुणाला काही समजवावं लागलं नाही. एलनला कळलं. ती बराच वेळ बोलत होती आणि मामी नुसत्या “येस, येस” म्हणत होत्या. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, “मला काय म्हणून हाक मारावी असं विचारत्येय. काय सांगूं?”

मामींनी हात काढला आणि सांगितलं, की रघु जे म्हणतो तेच म्हण. पलीकडून ते म्हटलं गेलं असावं. मामींनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला आणि पदराने चेहरा पुसला.

त्याच दुपारी त्या पापनाशमला गेल्या, या वेळी एकट्या. काय झालं ते नंतर कलैसेल्वीनेच मला सांगितलं. मामी तिच्या घरी जाऊन बसल्या, कॉफी घेतली, आणि तिला काय हवंय ते विचारलं. इंग्रजीचं नाव काढलं नाही. तेव्हा कळलं की वित्त कंपनीची नोकरी तिच्या वडलांना हवी होती. तिला स्वतःला शिकवायचं होतं. मामींनी वडलांशी बोलणं केलं. ते एका भेटीत वळले नाहीत, मामींना आणखी काही खेपा घालाव्या लागल्या. त्या प्रत्येक वेळी नवीन काही विचारून यायच्या: पीक कसं आहे, थोरल्या मुलाचं काय, तिच्या आईची कंबर दुखते ती कधीपासून. अखेर ओट्यावरचा लहान मुलींचा वर्ग कलैसेल्वीकडे आला. मामी मागे बसून ऐकायच्या आणि मधे बोलायचं नाही म्हणून तोंडात सुपारी धरून ठेवायच्या. नातू झाला तेव्हा त्या अमेरिकेला जाऊन राहून आल्या. तितके दिवस सगळा ओटा कलैसेल्वीने सांभाळला.

मग आमची बदली झाली आणि आम्ही सांगलीला परतलो. मामी गेल्याची बातमीही कलैसेल्वीनेच फोनवर दिली. आमचं बोलणं अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी असं चालायचं.

तिने शेवटच्या आठवड्यातली एक गोष्ट सांगितली. मामी इस्पितळात होत्या, पाय धरत नव्हते. तरुण डॉक्टर म्हणाला, “ट्राय टु वॉक, अम्मा.” मामींनी त्याला खाटेजवळ बोलावलं आणि विचारलं, की तुला ‘ट्राय टु वॉक’ म्हणायचंय की ‘ट्राय वॉकिंग’? तो गोंधळला. मामींनी त्याला शांतपणे सांगितलं, की पहिल्याचा अर्थ चालायचा प्रयत्न करा, म्हणजे जमणार नाही अशी धास्ती आधीच आली. दुसऱ्याचा अर्थ नुसतं चालून बघा, काय होतंय ते. डॉक्टरला घाई होती, तो मान डोलावून गेला. पण दुसऱ्या दिवशी फेरीला आला तेव्हा त्यांच्या खाटेच्या पायाशी थांबला आणि म्हणाला, “अम्मा, ट्राय वॉकिंग.”

मामी उठल्या. कलैसेल्वीच्या खांद्यावर हात ठेवून दोन खाटा ओलांडून गेल्या. तिथे एक खेड्यातली बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिच्याकडे कुणी येत नव्हतं. मामी तिच्या खाटेच्या कडेला टेकल्या, दम घेतला, आणि तिला तिचं गाव विचारलं.