गुरुवारचं धुणं

आमच्या आळीतल्या बायका पवनेवर धुणं फक्त गुरुवारी न्यायच्या. त्या दिवशी वरच्या अंगाचा कारखाना बंद असायचा आणि नदीला फेस नसायचा. एरवी धुतलेलं धोतर पिवळं पडायचं.

मग पाण्याचा कायदा आला. वाटलं, सुटलो एकदाचे! पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "बाई, कायदा आहे, पण जुन्या कारखान्यांना तूर्त सवलत आहे." आमच्या काठावर नवा कारखाना होताच कुठे? घाण मात्र रोज ताजी यायची. सवलतीची मुदत संपत आली की वाढवून मिळायची. भांडून भांडून आम्ही दमलो.

धाकट्या दिराचं लग्न झालं. नव्या जावेनं सोमवारीच धुण्याची बादली उचलली. मी म्हटलं, "ठेव खाली. गुरुवारी जाऊ."