आभाराच्या तीन ओळी

दुपारपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

काल आमचा रिसर्च पेपर कॉन्फरन्सला गेला. भातशेतातला ओलावा मोजणारा सेन्सर आम्ही कडावच्या एका काकांच्या शेतात लावला होता. काका रोज सकाळी बांधावर जाऊन त्यावरचे आकडे वहीत उतरवायचे. "पेपरात तुमचं नाव छापू," असं मीच त्यांना सांगितलं होतं. गेल्या महिन्यात काका गेले.

पेपर सहा पानांतच बसवायचा होता. तीन ओळी सातव्या पानावर जात होत्या. सर म्हणाले, "आभार काढून टाक." मी काढले. त्यात फक्त काकांचं नाव होतं.

आज काकांच्या घरी प्रिंट द्यायला गेले. काकूंना वाचता येत नाही. पदराला हात पुसून त्यांनी पानं घेतली. "यांचं नाव कुठं हाय? तिथं बोट ठेव गं."

मी बोट ठेवलं. माझ्या नावावर.

काकूंनी त्यावरून हात फिरवला आणि पान काकांच्या फोटोपाशी ठेवलं.

घरी येऊन फाइल उघडली. एक ग्राफ जरासा लहान केला असता, तर तीन ओळी सहज मावल्या असत्या.

आता खरं सांगायला कुठल्या तोंडाने जाऊ?