उभ्यानं वाजवलेला भीमपलास

पंचवीस डिसेंबरला आमच्या कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर दिवसभर शास्त्रीय संगीत लागायचं. त्यामागे कलेची ओढ वगैरे काही नव्हती. नाताळची सुट्टी, कार्यक्रम करायला विद्यार्थी नाहीत, मग सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जुनी रेकॉर्डिंगं लावून मोकळं व्हायचं. केंद्र कर्वेनगरात. गच्चीवर अँटेना, खाली दोन खोल्या, आणि आवाज नदी ओलांडून गेला तर नशीब. हडपसरला आमच्या घरी रेडिओवर त्या जागी नुसती खरखर यायची.

मी शेवटच्या वर्षाला होते आणि पत्रकं काढायचे. फीवाढ, वसतिगृहाचं पाणी, कंत्राटी सफाई कामगारांची दिवाळी, ज्याचा संताप येईल त्यावर एक पान. त्या वर्षी नाताळच्या दिवसाची यादी फलकावर लागली. मी ती शेवटपर्यंत वाचली. सोळा तास. गायन, सतार, सरोद, बासरी, परत गायन. क्लॅरिनेट नाही, सनईची धाकटी बहीण सुंदरी नाही. रस्त्यावर वाजणारं एक वाद्य नाही. झेरॉक्सच्या दुकानात उभी राहूनच मी मथळा लिहिला: ‘गादीवर बसेल तोच कलावंत?’ आणि पहिली प्रत केंद्राच्या दारावर चिकटवली.

माझे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुका, मग लग्नसराई, मग गणपती, डिसेंबरात कॅम्पातल्या चर्चचं काम. बाहेर लोक त्यांच्याकडे नाचाची गाणी मागतात. घरी मात्र सकाळी, नळाला पाणी येण्याआधी, ते राग घेऊन बसतात. बसतात म्हणजे उभे असतात. स्वयंपाकघर ते दार अशा येरझाऱ्या घालत वाजवतात. बँडमध्ये या रागांचा फक्त मुखडा चालतो. चार ओळी होतात न होतात तोच वरात पुढे सरकते, मास्तर हात वर करतात आणि सगळे जागच्या जागी तोडतात. बँडचा कायदाच आहे तो. वर हात म्हणजे बंद, मग तुम्ही तानेच्या मधोमध का असेनात.

त्याच महिन्यात हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं नाताळच्या पार्टीला बँड बोलावला होता. सगळ्यांच्या डोक्यावर कापसाच्या गोंड्याची लाल टोपी चढवली आणि केक आला म्हणून मिनिटभरात वाजवणं थांबवलं. मी घरी तावातावानं बोलत सुटले, माणसांचा शोभेच्या वस्तूसारखा वापर, असं काहीतरी. पप्पा म्हणाले, “टोपीचं काय घेऊन बसलीस. एकदा एक राग पुरा वाजवायचाय. आलापापासून द्रुतपर्यंत. कुणी न तोडता. पंचवीसेक वर्षं झाली, एकदा नाही जमलं.”

म्हणून ते पत्रक होतं. पण हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुख संगीताच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. पत्रक समोर टेबलावर, त्यावर चहाचा कप.

“हे आपण लिहिलंय?”

“हो.”

“‘सांस्कृतिक दडपशाही’, ‘सुरांची मक्तेदारी’. छान. क्लॅरिनेटवर राग वाजवतं कोण, ते मात्र सापडलं नाही मला.”

“माझे वडील वाजवतात.”

“कुठे?”

“बँडमध्ये.”

मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. चहा संपवला. “पंचवीसला दुपारी तीन ते साडेतीन. थेट प्रक्षेपण. राग वेळेचा हवा. जमलं नाही, तर पुढच्या पत्रकात तसं छापायचं. एवढ्याच मोठ्या टायपात.”

“चालेल,” मी म्हणाले.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ज्यांच्या जिवावर मी पैज लावली, त्यांना विचारलेलंच नाही. दुसऱ्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांवर मी दोन पत्रकं काढली होती.

घरी सांगितलं तेव्हा पप्पांनी क्लॅरिनेटची पेटी पुढे ओढली. मग रीडची डबी उघडून एकेक रीड उजेडात धरून बघायला लागले. “संध्याकाळी मिरवणूक आहे त्या दिवशी.”

“पाचच्या आत कॅम्पात सोडते.”

“तबला काळी पाचच्या सुराचा आणायला सांग. आणि मला मांडी घालून वाजवता येत नाही, हे आधीच सांग त्यांना.”

मी ते सांगितलं नाही. वाटलं, ऐकून नाही म्हणतील.

पंचवीसला दुपारी मी त्यांना चर्चच्या दारातून उचललं. लाल कोट, सोनेरी झालर, पाठीला क्लॅरिनेटची पेटी. स्कूटीवरून कॅम्प ते कर्वेनगर, प्रत्येक सिग्नलला लोक बघत होते. केंद्रावर पोचलो तेव्हा तीनला दहा कमी. आत गादी, पांढरी चादर, लोड, आणि गादीच्या उंचीचा माईक.

मॅडमनी कोटाकडे पाहिलं. “कोट काढलात तरी चालेल. रेडिओ आहे.”

“असू दे मॅडम. कोट नसला की काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही.”

“बसा.”

“मी उभ्यानं वाजवतो.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी चादरीकडे.

“हिनं सांगितलं नाही वाटतं,” पप्पा म्हणाले. “रस्त्यावर कोण बसवणार आम्हाला? श्वास उभ्यानंच लागतो.”

“माईक टेबलावर चढवा,” मॅडम तंत्रज्ञाला म्हणाल्या. तो आठवडाभर सॉफ्टवेअर कंपनीत आणि सुट्टीला इथे फुकट राबायचा. त्यानं टेबल ओढलं, त्यावर दोन जाड पुस्तकं ठेवली, त्यावर माईक. तबल्याला दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी होता. तो बिचारा गादीवर एकटाच बसला.

लाल दिवा लागला. मॅडमनी दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि काचेच्या अलीकडे, मी आणि तंत्रज्ञ होतो त्या खोलीत आल्या.

पप्पांनी षड्ज लावला. मी हा आवाज जन्मापासून ऐकत आलेय, पण भांडी, नळ, शेजारचा टीव्ही यांच्या खालून. एकटा कधी ऐकला नव्हता. कोमल निषादावर ते इतके रेंगाळले की मला धास्ती वाटली, आता कुणीतरी ‘चला पुढे’ म्हणेल. कुणी म्हणालं नाही. आलाप झाला, विलंबित गत सुरू झाली, तबला मिळाला. तानांना सुरुवात झाली तशी त्यांना सवयीनं जोर चढला. रस्त्यावर ट्रकच्या हॉर्नवर मात करायची सवय ती. यंत्रावरचा काटा लाल रंगात गेला. तंत्रज्ञानं काचेतून खूण केली: मागे, मागे. पप्पा वाजवता वाजवता दोन पावलं मागे सरकले. काटा खाली आला. तंत्रज्ञ खूश झाला आणि ‘बस, इथेच, झकास’ म्हणून त्यानं पंजा उंच वर केला.

पप्पा थांबले.

तानेच्या मधोमध. पुण्यात जिथे कुठे आमचा रेडिओ लागला होता तिथे क्लॅरिनेट नाहीसं झालं.

“काय झालं? रीड तुटली का?” मॅडम म्हणाल्या.

“यांनी हात वर केला,” मी म्हणाले. “बँडमध्ये हात वर केला की तोडायचं असतं.”

तंत्रज्ञाचा हात अजून हवेतच होता. मॅडमनी त्याचं मनगट धरून खाली ओढलं.

आत तबलजीनं ठेका सोडला नव्हता, त्याचे उपकार. पप्पांनी काचेतून तो हात खाली जाताना पाहिला. रस्त्यावर हात खाली आला की परत सुरू करायचं असतं, पण मुखड्यापासून. मी डोळे मिटले. मुखड्यापासून धरलं असतं तर ऐकणाऱ्याला चूक कळली असती. पप्पांनी एक आवर्तन पुरं जाऊ दिलं, आणि जिथे तान तुटली होती त्याच सुरावरून ती उचलून समेवर आणून ठेवली. जणू तो श्वास मुद्दाम घेतला होता.

“अहो,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या, “जागा सोडली नाही की हो यांनी.”

त्यानंतर आमच्या खोलीत कुणी हात हलवायला तयार नव्हतं. तंत्रज्ञानं हातांची घडी घातली. मध्यलय झाली, द्रुत सुरू झालं. पप्पा जागच्या जागी पावलं टाकत होते, बुटांचा आवाज बारीक येत असणार, येऊ दे. साडेतीन वाजले.

तंत्रज्ञ कुजबुजला, “मॅडम, साडेतीनचं रेकॉर्डिंग लावायचंय. यांना खूण...”

“कशाची खूण? परत थांबतील ते.”

“पण रेकॉर्डिंग...”

“थांबेल. रेकॉर्डिंगला कुठे जायचंय?”

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पप्पांनी तिहाई घेतली, समेवर आले आणि क्लॅरिनेट तोंडापासून बाजूला केलं. आपणहून. मग त्यांनी काचेकडे बघितलं, कुणी काही सांगतंय का ते पाहायला. मॅडम आत गेल्या, माईकवर म्हणाल्या, “हा भीमपलास होता,” मग पप्पांचं नाव, आणि त्याच्या आधी ‘क्लॅरिनेटवादक’. लाल दिवा विझला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी उचलला. कुणी श्रोता होता.

“हो... नाही, यंत्र बिघडलेलं नाही. साडेतीनचं रेकॉर्डिंग आत्ता लागतंय... उशीर झाला कारण वाजवणारे वाजवत होते... कोण म्हणजे? थांबा, त्यांनाच विचारा.”

रिसीव्हर त्यांनी पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला.

“हो, मीच... हो, क्लॅरिनेटच... नाही नाही, राग मधे सोडला नाही साहेब.” ते खिडकीकडे वळले. “पुरा वाजवला.”