राणीचा गुडघा

काका पहिल्यांदा माझ्या खोलीत आले ते टीव्हीचा आवाज कमी कर असं सांगायला, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला तो आवाज मुळीच येत नव्हता. त्यांना काकूंनी पाठवलं होतं. मला फक्त एवढंच दिसलं की रविवारी सकाळी घरमालक दारात उभे आहेत, तोंड उघडलेलं आहे आणि नजर पडद्यावर खिळली आहे. पडद्यावर एक भलामोठा उडता प्राणी किल्ल्यावर आग ओकत होता आणि खाली चिलखतातले शिपाई भाजून निघत होते.

"हे ठोकलेलं नाही," काका म्हणाले. चिलखताबद्दल. "हातोडीचा एक घाव दिसत नाही. साच्यातून काढलंय. भाला कशाला, छत्रीच्या टोकाने भोक पडेल."

मग ते माझ्या पलंगावर बसले आणि भाग संपेपर्यंत उठले नाहीत.

काका तांबट. कसबा पेठेतल्या तांबटांच्या आळीत त्यांचं तीन मजली घर. तळाला दुकान आणि कामाची जागा, मधल्या मजल्यावर ते आणि काकू, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून मी. मी मूळचा यवतमाळचा. हिंजवडीत एका कंपनीत लोकांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो, म्हणजे दिवसभर जे करायचा पगार मिळतो तेच घरी येऊन मालिका बघताना फुकट करतो. बाकीचे मित्र कंपनीजवळच राहतात. मी रोज दोन-दोन तास बसमध्ये बसून पेठेत परत येतो, याचं कारण मला कुणालाच नीट सांगता आलेलं नाही.

त्या मालिकेचा मी चाहता होतो असं म्हणणं म्हणजे फारच सौम्य झालं. मिठाच्या डोंगरावरचं राज्य, त्याचा म्हातारा राजा, त्याची दुसरी राणी आणि गादीवर टपलेले सतरा नातेवाईक अशी ती भानगड. सिंहासनावर खरा हक्क कुणाचा यावरून मी इंटरनेटवर एका अनोळखी माणसाशी चार महिने भांडलो होतो. आमच्या स्वतःच्या शेताच्या वाटणीत मी एवढं लक्ष घातलं नव्हतं. आई फोनवर विचारायची, "काहून रे, जेवला का?" आणि मी म्हणायचो, "थांब, सेनापती फितूर झाला."

तर काका दर रविवारी पोहे खाऊन वर यायला लागले. आधीचे सगळे भाग दाखवण्यात दिवाळी ते होळी गेली. त्या उडत्या प्राण्याला ते घोरपड म्हणत. "त्या घोरपडीला एवढी आग येते कुठून? आमच्या भट्टीला भाता लागतो."

"तिच्या पोटातच भाता असेल," मी म्हणालो.

"नको नको, आत्ताच पोहे झालेत," काका म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाळीस वर्षं दिवसाचे आठ तास तांब्यावर हातोडी चालवलेला माणूस. काकांचे कान गेले होते, आणि ही गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत होती, एक काका सोडून. त्यांच्या मते त्यांना सगळं व्यवस्थित ऐकू यायचं, हल्लीचे लोकच तोंडातल्या तोंडात बोलायचे.

पण मालिका तर इंग्रजीत. त्यांना कोण काय बोलतंय ते सांगणं भाग होतं. मी एक दोनशे पानी वही आणली आणि म्हणालो, म्हणजे ओरडलो, की मला ऐकता ऐकता बोलून सांगायला जमत नाही, मी आपला लिहितो. ही माझी अडचण आहे असं कळल्यावर काकांनी मोठ्या मनाने परवानगी दिली. "जमत नसेल तर लिही बाबा. सगळ्यांना सगळं येत नाही."

मी लिहायचो, ते चष्मा नाकावर ओढून वाचायचे. सुरुवातीला मी इमानदारीत भाषांतर करायचो. मग माझे शेरे आत शिरायला लागले. 'सेनापती म्हणतो मी प्राण देईन. (देणार नाही. हा मागच्या वर्षीही देणार होता.)' काका हसून पलंग हलवायचे.

काकू वर आल्या त्या रिकाम्या बशा न्यायला. दारात थांबल्या आणि बशा विसरून वहीकडे बघत राहिल्या. एरवी काकूंची जीभ कायम तयार असायची. पहिल्याच आठवड्यात मी "सामान लावून राहिलो" म्हणालो, तर "लावा आणि मग राहा" असं उत्तर मिळालं होतं.

"हे तुमचं लिहिलेलं वाचतात?" त्यांनी विचारलं. काका समोरच, हातभर अंतरावर, पण काही फरक पडत नव्हता. "मी चिठ्ठी लिहिली तर चुरगळून टाकतात. मी काय बहिरा आहे का, म्हणतात."

पुढच्या रविवारी त्या येऊन काकांच्या मागच्या खुर्चीत बसल्या. पडद्यावर राणी राजाला पेला देत होती. काकू मला म्हणाल्या, अगदी नेहमीच्या आवाजात, "लिहा. राणी म्हणते, चहात साखर एकच चमचा."

ती राणी त्या क्षणी सावत्र मुलाला विष घालण्याचा बेत सांगत होती. त्या सबंध वर्षातलं ते सर्वांत महत्त्वाचं वाक्य होतं. पण काकूंच्या हातात सांज्याची बशी होती, आणि तत्त्वं आणि सांजा यांत मी काय निवडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी लिहिलं. काकांनी वाचलं आणि मान डोलावली. "बाई शहाणी आहे. उगाच कटकट नाही, मुद्द्याचं बोलते. नाहीतर तुझी काकू."

काकू मागेच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "लिहा," त्या म्हणाल्या, "जिन्यातला दिवा गेलाय."

अशी आमच्या राज्याची वाट लागली. एप्रिलमध्ये नवे भाग सुरू झाले तोवर मिठाच्या डोंगरावरची राणी गॅसचा नंबर लावा, बनियन बदला, नातीच्या बारशाला जायचंय असं बोलायला लागली होती. मी चिडत होतो, खोटं कशाला बोलू. जगभरचे लोक एकेका संवादावर रात्रंदिवस खल करत होते, आणि मी माझ्या हाताने त्या राणीला पंचांग विचारायला लावत होतो. पण सोमवारी जिन्यात नवा दिवा असायचा.

मग ती टेम्पोची गोष्ट झाली. आळीत टेम्पो मागे येत होता, हॉर्न वाजवत होता, आणि काका त्याच्याकडे पाठ करून शांतपणे कुलूप लावत उभे होते. काकू खिडकीतून किंचाळत होत्या. टेम्पो काकांच्या कोपराला घासून थांबला. कोपर सोललं, एवढंच. काका ड्रायव्हरला म्हणाले, "हॉर्न नाही का तुला?"

त्या रविवारी काकू आल्या त्या ठरवूनच. "लिहा. राणी म्हणते, महाराज, कान दाखवून घ्या."

मी लिहिलं, 'राजवैद्यांना कान दाखवा.'

काकूंनी खांद्यावरून वाचलं. "वैद्य नको. वैद्य म्हटलं की हे तेल घालून येतील. कानाचे डॉक्टर लिहा."

"काकू, त्या राज्यात अजून चाकाचा शोध धड लागलेला नाही."

"मग घोरपड उडते ते चालतं?"

मी लिहिलं. काका वाचून विचारात पडले. "राजा का जात नाही मग?"

"लिहा, लाज वाटते," काकू म्हणाल्या. "भांडं झालं की टिचकी मारायची, कान लावायचा, मान हलवायची, आणि नाद तर येतच नाही. हे गिऱ्हाइकाला कळेल म्हणून लाज वाटते."

मी फक्त 'लाज वाटते' लिहिलं. पुढचं राजाच्या तोंडी बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा हात चालला नाही.

"कसली लाज?" काका म्हणाले. "शत्रू मागून आला तर? मूर्ख आहे राजा."

काकूंनी कपाळाला हात लावला. मीही लावला असता, पण पेन होतं हातात.

सहावा, म्हणजे शेवटून दुसरा भाग सोमवारी आला. मंगळवारी कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या मुलीने, जिला मी अजून माफ केलेलं नाही, मोठ्याने जाहीर केलं की राणी मेली. मला धक्का बसला तो चाहता म्हणून नव्हे. संध्याकाळी मी तडक काकूंकडे गेलो.

"मेली?" काकू चपात्या लाटत होत्या. "आत्ता? कानाचं अजून व्हायचंय."

"शेवटी तीन मिनिटं बोलते," मी म्हणालो. "बर्फात पडून."

काकूंनी लाटणं ठेवलं. "तीन मिनिटं खूप झाली," असं म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या.

रविवारी तिघं बसलो. राणी बर्फात पडली, राजाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि ती गादी, रक्त, मीठ असलं काहीतरी बोलायला लागली. मी पेन टेकवून थांबलो. तीनातलं एक मिनिट तसंच गेलं. काका वहीकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"लिहा," काकू म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मी रोज बोलते. उठल्यापासून बोलते. भाजी कुठली करू विचारते, बहिणीचा फोन आला होता ते सांगते. तुम्ही हं म्हणता. ऐकू आलेलं नसतं तरी हं म्हणता, आणि मला ते कळतं. माझा गुडघा दोन महिने दुखतोय. जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतं. मी चार वेळा सांगितलं. मला एकटीने बोलायचा कंटाळा आलाय."

मी अक्षर न बदलता सगळं लिहिलं. वही पुढे करताना मला फार अपराधी वाटत होतं, जणू मी कुणाचं पत्र फोडलं होतं.

काकांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. पडद्यावर घोरपडीने अर्धं शहर जाळलं. दोन वर्षं मी त्या प्रसंगाची वाट बघत होतो, आणि मीही तिकडे बघितलं नाही.

"राणीचा गुडघा दुखतो?" काका म्हणाले. मग ते वळले. मागे काकू बसतात हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या रविवारांत ते कधी वळले नव्हते. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "कुठला?"

"डावा," काकू म्हणाल्या. मग काय उपयोग हे लक्षात आलं, आणि त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

काका उठले, त्यांनी काकूंचा हात धरला आणि दोघं एकेक पायरी करत खाली गेली. मी उरलेला भाग एकट्याने बघितला. राणी मेली, आणि संगीत फारच भडक होतं.

शनिवारी दुकान बंद होतं. आधी हाडांचे डॉक्टर, मग कानाचे. दोन्हीकडे दोघं गेली. यंत्र यायला तीन आठवडे लागले, तोवर काकांनी शेवटचा भाग बघायला साफ नकार दिला, आणि मी बसमध्ये कानात बोळे घालून बसायला लागलो. यंत्र लागल्यावर दोन दिवस ते सगळ्यांवर चिडलेले होते. कुकर मोठ्याने शिट्टी मारतो, पंखा कुरकुरतो, चौथ्या घरातला पोरगा हातोडी वाकडी मारतो.

शेवटच्या भागाला मी सवयीने पेन घेऊन बसलो. "तू राहू दे," काकू म्हणाल्या. मला पहिल्यांदाच तू म्हणाल्या. आणि काकांच्या शेजारी बसून त्या स्वतःच गोष्ट सांगायला लागल्या. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही. त्यांच्या हिशेबाने सेनापती हा राजाचा मेहुणा होता, युद्ध पाण्याच्या टाकीवरून लागलं होतं, आणि राणी मेलीच नव्हती, साताऱ्याला बहिणीकडे गेली होती. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. आयुष्यात मालिकेबद्दल एवढं चुकीचं मी कधी ऐकून घेतलेलं नाही.

"राजाला स्वयंपाक येत नाही ना, आता बसलाय मिठावर," काकू म्हणाल्या.

काका खदखदून हसले. डोळे पुसले. मग काकूंकडे सरकले आणि म्हणाले, "काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं. परत सांग."

काकूंनी परत सांगितलं, पहिल्यापासून.