कोरं कपाळ

मागच्या माघातल्या एका गुरुवारी, हिवरा आश्रमात, माझे पती एकाच दुपारी दोनदा पंगतीत बसले. वाढणारी बाई थांबली. "दादा, आत्ताच त जेवले ना तुमी?"

"मी? मी कुठी जेवलो?" ते म्हणाले. शेजारचा एक जण हसला, "बसू द्या हो, देवाच्या घरी काय कमी हाय!" त्यांच्या बोटांना अजून वरण लागलेलं होतं.

ते डोणगावात शिंपीकाम करत. आम्हा दोघांनाही एचआयव्ही आहे. सरकारी केंद्रातून दरमहा प्रत्येकी तीस गोळ्यांची डबी मिळते, रोज एक. वर्षभरापूर्वी त्यांनी एका सदऱ्याला दोन डाव्या बाह्या लावल्या. मग बटण लावताना हात अडखळू लागला, उजवा पाय घासू लागला. नातेवाईक म्हणाले, बाहेरची बाधा आहे. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, विषाणूचा परिणाम मेंदूवर झाला असावा. मेंदूची तपासणी मोठ्या शहरात होते, तोवर गोळी चुकवू नका. आम्ही त्या शहरापर्यंत पोहोचलो नाही. मी सकाळी लवकर मजुरीला जाते. गोळी घेतली का, हे त्यांना आठवत नसे. एका महिन्यात अकरा उरल्या, पुढच्या महिन्यात डबी आठवडाभर आधीच संपली. त्यांची आठवण परत दे, एवढंच मागायला मी आश्रमात आले होते. देव ऐकतो, यावरचा माझा विश्वास तेव्हा उरला नव्हता.

त्या बाईने मला खांबाआड नेलं. "बाई, यायले केंद्राची गोळी चालू हाय का? माह्या भावाचं असंच झालतं." मी मान हलवली. "मंग आईक. आंघोळ झाली का आधी गोळी, मंग गंध. कपाळ कोरं दिसलं, त गोळी राह्यली. आरसा त रोज पाह्यते ना मानूस?"

आमच्याकडे गंध आधी लागत असे. मी क्रम बदलला. गंधाची वाटी गोळ्यांच्या डबीवर ठेवली. दुपारी मी मजुरीवरून परतले की आधी त्यांचं कपाळ पाहते. पुढे आभार मानायला गेले, ती बाई भेटली नाही. वाढायला दर गुरुवारी वेगळ्या बाया असतात. मागितलं ते मिळालं नाही. जे मिळालं ते मी हात जोडून घेतलं, आणि मागणं सोडलं.

आज या डबीचा तेरावा दिवस. सकाळी त्यांनी गोळी घेतली, गंध लावलं, आणि मला विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या घरच्या?" डबीत सतरा गोळ्या आहेत.